आवाजाची शेपूट

तिच्या आईच्या घराण्यात बायकांचे कान एक्कावन्नाव्या वर्षाच्या आसपास जात. आजीचे गेले, मावशीचे गेले, आईचे गेले. केस पिकावेत, गुडघे धरावेत, तसं. घरात त्याचं कुणाला नवल नव्हतं. मावशी तर म्हणायची, "बरं झालं बाई, जन्माला पुरेल एवढं ऐकून झालंय." तिला मात्र त्यात कधी हसू आलं नाही, कारण तिचं पोट कानांवर चालत होतं. आणि पुढच्या महिन्यात तिला एक्कावन्न पूर्ण होणार होती.

धंद्यात तिला सगळे कानसेन म्हणत. नाव ठेवलं होतं ते तिच्या पहिल्या वरिष्ठाने. एकोणिसाव्या वर्षी ती एका स्टुडिओत टेपा गुंडाळायच्या कामाला लागली, आणि तिसऱ्या महिन्यात वरिष्ठाला म्हणाली, "दुसऱ्या कडव्यात कुणाची तरी खुर्ची करकरतेय." तो म्हणाला, "तुझ्या डोक्यात करकरत असेल." तरी त्याने एकेक वाद्य सुटं करून ऐकलं, आणि व्हायोलिनच्या मागे खरंच खुर्ची निघाली. तेव्हापासून गाणं बाहेर जाण्याआधी कानसेनला ऐकवायचं, असा तिथला रिवाज पडला. पुढे स्टुडिओ बंद पडला, टेपा गेल्या, सगळं कॉम्प्युटरवर आलं, आणि ती घरच्या मधल्या खोलीत स्पीकर मांडून गाणी मिसळू लागली. गाणाऱ्याचा आवाज, वाद्यं, सगळं तिच्याकडे सुटंसुटं यायचं. तिच्या हातून जाताना त्याचं गाणं झालेलं असायचं.

मधल्या खोलीच्या एका अंगाला स्वयंपाकघर, दुसऱ्या अंगाला आईची खोली. दारं समोरासमोर. आईला बंद दार चालत नसे. ऐकू येत नाही त्या माणसाला बंद दार म्हणजे भिंतच, म्हणून तिचं दार दिवसभर उघडं, आणि तिची आरामखुर्ची दाराकडे तोंड करून. घरात एक नियम होता, कुणी घालून न दिलेला: आईशी मागून बोलायचं नाही. वळसा घालून समोर यायचं, उजेड आपल्या तोंडावर पडेल असं उभं राहायचं, आणि एकेक शब्द सुटा करून बोलायचं. कानाचं यंत्र डबीत पडून होतं. "त्यात नुसती भांडी पडतात," आई म्हणायची, आणि सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची. तिला वाटायचं आपण हळू बोलतोय.

आईच्या बाबतीत सगळ्यांना कळलं ते फार उशिरा. दोन वर्षं तिने पत्ता लागू दिला नव्हता. लोक हसले की हसायची, मान हलवायची, "हो ना, काय करणार," म्हणायची, आणि ते कुठेही खपून जायचं. पुढे तिने लेकीला सांगितलं होतं, "आवाज एकदम नाही गं जात. आधी शेपूट जाते. घंटा वाजलेली कळते, पण ती कधी संपली ते कळत नाही."

शेपूट हाच शब्द त्या आठवड्यात तिच्या वहीत पानापानावर होता.

एका ज्येष्ठ गायकाची नऊ गाणी तिच्याकडे आली होती. म्हातारा गाद्या लावलेल्या चिंचोळ्या खोलीत गायला होता, त्यामुळे आवाज अगदी कोरडा, जसा कपाटात बसून गायला असावा. अशा आवाजाला घुमारा द्यावा लागतो. तो देणाऱ्या प्रोग्रॅमला रिव्हर्बचं प्लगिन म्हणतात. ते आवाजाभोवती एक खोटी खोली उभी करतं, आणि शब्द संपल्यावर मागे जी ओढ राहते ती त्याची शेपूट. बाजारात अशी शेकडो. तिने दोन निवडून चौदा दिवसांच्या चाचणीवर घेतली होती. एकाचा पडदा निळा, एकाचा करडा. दोन्ही एकाच जुन्या यंत्राची नक्कल करणारी, म्हणजे जुळ्या बहिणी. दोन्ही ठेवण्यात अर्थ नव्हता. शुक्रवारपर्यंत एक ठरवून गायकाला गाणी पाठवायची होती.

गायक फोनवर म्हणाला होता, "हे माझं शेवटचं असेल बहुतेक. कुठला घुमारा ते तू ठरव. तुझ्या कानावर माझा डोळे झाकून भरवसा."

"डोळे झाकून नको, कान उघडे ठेवून ठेवा," ती म्हणाली, आणि दोघं हसले. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की त्याने मध्ये एक वाक्य म्हटलं होतं ते तिला नीट लागलं नव्हतं. रेंज नसेल, तिने मनाशी म्हटलं.

रेंजला दोष देण्यासारख्या गोष्टी हल्ली वाढल्या होत्या. कपड्यांचं मशीन संपलं की बारीक टी-टी करायचं, नवरा आतून ओरडायचा, "अगं, ते मशीन केव्हाचं बोंबलतंय." ती म्हणायची, "कामात होते."

सोमवार, मंगळवार, बुधवारची सकाळ. तिने एकच ओळ शंभरदा ऐकली, एकदा निळ्यातून, एकदा करड्यातून. वहीत लिहीत गेली. 'निळा: शेपूट मऊ, शेवटी धुरासारखी विरते. करडा: टणक, काचेवर नख ओढावं तशी, पण शब्द स्वच्छ.' मंगळवारी लिहिलं, 'निळ्यात म्हाताऱ्याचं वय दिसतं. करडा ते झाकतो.' बुधवारी सकाळी निळ्याखाली दोन रेघा ओढल्या. फरक इतका ढळढळीत होता की तिचा जीव भांड्यात पडला. महिनाभर छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं. जेवताना तिने नवऱ्याला दोनदा वाढलं.

"आज स्वारी खुशीत," तो म्हणाला.

"कान शाबूत आहेत माझे."

"त्यावर शंका कोणी घेतली?"

ती ताट उचलून उठली.

नवरा छापखान्यासाठी मुद्रितं तपासायचा. गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नसे. वाढदिवसाचं गाणंही तो तिसऱ्याच सुरात म्हणायचा. पण शंभर पानांतला एक उलटी मात्रा त्याला चालता चालता दिसायचा. दुपारी तो चहा घेऊन तिच्या मागे येऊन उभा राहिला आणि पडद्याकडे बघत म्हणाला, "बाकी सगळ्या पट्ट्या हिरव्या नाचतायत. ही एकच का मेल्यासारखी पडलीय?"

"कुठली?"

त्याने बोट ठेवलं. ज्या पट्टीवर निळा आणि करडा बसवले होते, तीच पट्टी होती. तिच्या तळाशी एक बारीक पिवळा चौकोन पेटलेला होता. सोमवारी सकाळी गायकाला कच्ची प्रत पाठवताना तिने ती पट्टी गप्प केली होती, आणि परत सुरू करायची विसरली होती.

म्हणजे निळा वाजलाच नव्हता. करडाही नाही. गायकाला गाताना बरं वाटावं म्हणून रेकॉर्डिंग करणाऱ्याने फाइलीत आधीच लावून ठेवलेला एक फुकटातला घुमारा होता, तोच तीन दिवस वाजत होता, तसाच्या तसा. ती बटणं दाबत होती, आणि धूर, काच, म्हाताऱ्याचं वय असं सगळं ऐकत होती.

या धंद्यात ही चूक प्रत्येकाच्या हातून होते. मुक्या बटणाशी तासभर खेळायचं आणि 'आता बघ कसं खुललं' म्हणायचं. चारजण जमले की या गोष्टी रंगवून सांगतात. तिनेही सांगितल्या होत्या, दुसऱ्यांच्या.

"काही महत्त्वाचं होतं का?" नवऱ्याने विचारलं.

"नाही. वेंधळेपणा."

तो गेल्यावर तिने पिवळा चौकोन विझवला, फुकटातला घुमारा काढून टाकला, आणि ओळ लावली. निळा. मग करडा. मग परत निळा. घुमारा होता, छान होता, म्हातारा मोठ्या खोलीत उभा राहून गात होता. पण दोन्ही खोल्या एकच होत्या. तिने डोळे मिटले, आवाज वाढवला, स्पीकर सोडून हेडफोन चढवले. शेपूट कुठवर जाते ते शोधायला ती तिच्यामागून चालत गेली, आणि दर वेळी एका ठराविक जागी रस्ता संपला. दोन्हींचा, त्याच जागी.

गुरुवारी सकाळी तिने नवऱ्याला हाक मारली. "कागद-पेन घेऊन या. मी पाठ करून बसते. तुम्ही मनाला येईल तसं निळं नाहीतर करडं बटण दाबायचं, वीस वेळा. मी सांगेन कुठलं. बरोबर असेल तर खूण, चुकलं तर फुली."

"आणि नापास झालीस तर?"

"छडी मारा."

ती पडद्याकडे आणि नवऱ्याकडे पाठ करून, बाजूच्या भिंतीकडे तोंड करून बसली. ओळ वाजे, ती म्हणे, "निळा." वाजे, "करडा." "करडा." "निळा." पहिल्या चारपाच वेळा तिने खरोखर ऐकलं. नंतर तिला कळून चुकलं की आपण ऐकत नाही, आपण आठवतोय, मागच्या वेळी काय म्हटलं ते, आणि आता दुसरं म्हणायला हवं. मागे पेन थांबत थांबत चालत होतं. नवरा मध्ये एकदा खाकरला.

"वीस," तो म्हणाला. "झाले."

"किती?"

"सोळा बरोबर."

ती खुर्चीसकट वळली. "सोळा? खरं?"

"मग काय. कानसेन उगाच म्हणतात का?" त्याने कागदाची घडी घातली, खिशात टाकली. "दूध उतू जाईल," म्हणून स्वयंपाकघरात गेला.

सोळा म्हणजे पुष्कळ झाले. तिचा विश्वास बसला नाही, पण बसवून घ्यायला ती तयार होती. उपाशी माणूस शिळंपाकं बघत नाही. ती उठली आणि आईला औषध द्यायला गेली. वळसा घालून समोर उभी राहिली, उजेडात.

आईने गोळी घेतली नाही. तिच्याकडे बघत राहिली. मग तिला जवळ ओढून, तिच्या मते अगदी कानात कुजबुजावं तसं म्हणाली, "जावईबापू तुझ्याशी खोटं बोलले."

खिडकीवरची कबुतरं उडाली, एवढा तो आवाज होता.

"हळू, आई."

"तुझी पाठ होती. मला इथून त्यांचं तोंड दिसत होतं, 'सोळा' म्हणाले तेही ओठांवरून कळलं. तू बोललीस की ते कधी लगेच लिहायचे. कधी पेन उचलून थांबायचे, तुझ्या पाठीकडे बघायचे, आणि मग लिहायचे." आईने तिचं मनगट धरलं. "थांबायचे ते जास्त वेळा. तुझे बाबा माझ्याकडे असेच बघायचे. दोन वर्षं. मला वाटायचं मी त्यांना फसवतेय."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज चालला होता. तो थांबला होता. कधी थांबला ते तिला कळलं नव्हतं.

ती मधल्या खोलीत आली. त्याच्या मुद्रितांचा गठ्ठा कोपऱ्यातल्या टेबलावर होता आणि घडी घातलेला कागद, ती आईपाशी असताना खिशातून काढून, त्याच्या खाली सरकवलेला. तोंडाने तो खोटं बोलला होता, पण कागदावर चुकीची खूण करणं त्याच्या हाताला तीस वर्षांत जमलं नव्हतं. वीस आकडे, एकाखाली एक, त्याच्या नेटक्या अक्षरात. अकरा फुल्या. नऊ खुणा. डोळे मिटून नाणं उडवलं असतं तरी दहा आले असते.

खाली, समासात, त्याने सवयीने एक शेरा मारला होता आणि मग त्यावर रेघ ओढली होती. रेघेखालचं वाचता येत होतं: 'निळ्याच्या शेवटी बारीक सळसळ आहे का? तिला विचारणे.'

वाढदिवसाच्या गाण्याचा सूर न सापडणाऱ्या माणसाला ऐकू आली होती.

तिने खुर्ची ओढली. म्हातारा पडद्यावर एका ओळीत गोठून बसला होता, तोंड उघडण्याआधी. उद्या शुक्रवार. तिने निळा लावला आणि ओळ सोडली. शब्द संपला, घुमारा उठला, लांबला, आणि त्या ठराविक जागी, नेहमीच्या, भिंतीला टेकल्यासारखा थांबला. त्या भिंतीपलीकडे काहीतरी सळसळत होतं, आणि ते या घरात, या क्षणी, तिच्याशिवाय दुसरं कुणीतरी ऐकत होतं.

"अहो," तिने मागे न बघता विचारलं, "ती सळसळ अजून आहे का?"

उत्तर आलं नाही. की आलं होतं? ती वाट बघत राहिली.

नवरा दारातून बोलला नव्हता. तो ओले हात पुसत आत आला, तिच्या खुर्चीला वळसा घातला, टेबलाच्या पलीकडे गेला आणि खिडकीचा उजेड तोंडावर पडेल असा तिच्या समोर उभा राहिला.

"आहे," तो म्हणाला. मग एकेक शब्द सुटा करून, "करडा. ठेव. करड्यात. नाहीये."