खालूंचा फ्लॅट

घरी फोन करायच्या आधी खालू दाढी करायचे. त्या काळी फोनवर नुसता आवाज जायचा, तरीही. "आवाजाला कळतं रे," म्हणायचे. शुक्रवारची नमाज झाली की इस्त्रीचा शर्ट, कानामागे अत्तर, आणि मग दुबईतल्या अल कुसैसच्या आमच्या कामगार कॅम्पाबाहेर, कचऱ्याच्या डब्यांपासून लांब जाऊन बायकोशी बोलायचे.

ते रत्नागिरीकडचे, मी चिपळूणचा. पण खोलीतले बिहारी, पठाण, सगळेच त्यांना खालू, म्हणजे मावशीचा नवरा, म्हणायचे. नवा माणूस आला की त्याला स्वतःची खालची खाट द्यायचे आणि आपण कुरकुरत वर चढायचे. "दोन दिवस रडून घे, मग यल्ला, कामाला लाग," एवढाच त्यांचा उपदेश. मीही त्या खाटेवर रडलोय.

फोनवर मात्र खालू दुसरीकडेच राहत. "फ्लॅट झकास आहे. बाल्कनीतून खाडी दिसते." खाडी कसली, समोर वर्कशॉपची भिंत. आम्ही कुणी हसायचो नाही. आमच्याही घरी असंच काहीबाही सांगितलेलं होतं. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "तिकडे तिला झोप लागायला नको?"

पुढे खालू कायमचे गावी गेले, त्यांची बायको वारली, कॅम्प बंद पडला. मालकानं त्यातली खोल्यांची एक रांग तशीच ठेवून तिचं म्युझियम केलं. लोखंडी खाटा, सामाईक चुली, खिळ्यांना टांगलेले कपडे, जुन्या कामगारांचं जिणं लोकांना दिसावं म्हणून. गेल्या हिवाळ्यात खालू शारजाला लेकीकडे, शबानाकडे आले. तिला आपल्या मुलाला ते म्युझियम दाखवायचं होतं. अब्बांचा जुना मित्र म्हणून तिनं मलाही बोलावलं. गाडीत बसताना खालू कुजबुजले, "आपण बाजूच्या बिल्डिंगमध्ये होतो. ध्यानात ठेव."

आत खालू कुठल्याच वस्तूकडे बघत नव्हते. नातू "मम्मा, व्हेअर इज द बाथरूम?" म्हणत मागच्या बोळात पळाला, तसे ते ओरडले, "जपून! वळल्यावर पायरी आहे!"

पायरी आम्ही उभे होतो तिथून दिसत नव्हती.

"अब्बा, तुम्हाला कसं ठाऊक?"

खालूंनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं, तर शबाना म्हणाली, "काका, तुम्ही नका बोलू."

"इथंच होतो," खालू म्हणाले. मग घाईघाईनं, "एसी होता पण."

शबाना रडली नाही. हळू आवाजात म्हणाली, "अम्मी दर ईदला म्हणायची, एवढा मोठा फ्लॅट आहे, एकदा तरी न्या. तुम्ही इन्शाल्ला म्हणायचात. शेवटी तिची खात्रीच झाली होती, तिकडे तुमचा दुसरा संसार आहे. तेच मनात घेऊन गेली ती."

खालू मटकन खाटेवर बसले. गार्ड धावत आला. "चाचा, उठिए, बैठना मना है." "सॉरी, सॉरी," म्हणत ते उठले. मला मान वर करवेना.

व्हिसाची मुदत शिल्लक असतानाही ते त्याच आठवड्यात गावी परतले. काही दिवसांनी त्यांचा फोन आला.

"कब्रस्तानात जाऊन आलो. तिला सगळं सांगितलं."

"काय सांगितलंत?"

"खोली कशी होती ते. संडासाची रांग. ढेकूण. फ्लॅट असता तर पहिल्या विमानानं आणली असती, तेही सांगितलं. शरमेनं मेलो रे. खोलीच्या नाही. ती एवढी वर्षं कसल्या संशयात राहिली, त्याच्या."