पायलीतली आठवी चावी

हे मी कुणाला सांगितलं नाय. देवाला पण धड नाय, आणि घडलं ते त्याच्याच पुढ्यात. तुमी समोर चहा घेत बसलाय असं धरते नि लिहिते.

माझा संतोष मुरबाडहून कल्याणला जातो, मोबाईलवर भाडं येतं ती टॅक्सी चालवतो. मागं कंपनीनं त्याच्या दोस्ताचं, दिनेशचं, खातं बंद केलं. कारण नाय, विचारणं नाय. मग गावच्या आठ ड्रायवरांनी संप धरला. आठही चाव्या आमच्या देव्हाऱ्यापुढं, भात मोजायच्या पायलीत टाकल्या — दिनेशचं खातं सुरू होईस्तोवर कोणी उचलायची नाय. पुढारी कोण? माझा संतोष. छाती फुगली होती माझी, खोटं कशाला बोलू?

संपात तो घरी. सून कविता एमआयडीसीत पॅकिंगला, तिचं काम चालू. मग भाकऱ्या तो थापायचा — माझ्यापेक्षा गोल हो! पोरीच्या वेण्या घालायचा. हापशीवर बसून बायकोच्या साड्या धुवायचा, गाणी म्हणत. मला आवडायचं का? आवडायचं. तेच तर...

सहाव्या दिवशी शहापूरहून माझा भाऊ आला. संतोष अंगणात साडी पिळत होता. भाऊ म्हणाला, "काय गो ताय, तुला सुना दोन झाल्या?" सगळी हसली. संतोष पण हसला. मला नाय हसू आलं.

भाऊ गेला नि मी पायलीत हात घातला. लाल दोऱ्याची ती संतोषची. त्याच्या ओल्या हातात ठेवली. म्हटलं, "मर्द असशील तर गाडीवर जा. नायतर माझं लुगडं पण धू."

त्यानं काय केलं असेल? साडी दांडीवर नीट पसरली, चिमटे लावले, नि गेला.

सांजच्याला संपातली पोरं आली. पायलीत सातच चाव्या. दिनेशनं विचारलं, "काकी, कोणी काढली?"

कविता नुकतीच कामावरून येऊन त्यांच्यासाठीच चहा टाकत होती. मी बोलले नाय — तिच्याकडं पाह्यलं. नुसतं पाह्यलं. पोरं समजायचं ते समजली. आपापल्या चाव्या उचलल्या, चहा तसाच राहिला.

दिनेशचं खातं उघडलंच नाय. म्हशाच्या जत्रेला ती पोरं एका गाडीतून जातात, संतोषला हाक मारत नायत. हापशीवर बायका अजून म्हणतात, कवितेनं नवऱ्याला संपातून ओढला. ती ऐकते, हंडा भरते, येते. तिनं माझी नजर पाह्यली होती. संतोषला तर ठाऊकच. दोघांनी माझं नाव कधी घेतलं नाय.

त्यानं परत साडीला हात लावला नाय. आता कविता कामावरून आली की धुणं घेऊन बसते. मी दांडीपाशी उभी राहून एकेक चिमटा तिच्या हातात देते. "बसा आई, दमाल," म्हणते ती.

चावी कवितेनं नाय काढली. मी काढली.