नितीनला जा कोण म्हणालं?

माझ्या भावाच्या दहाव्याला तीन माणसं एकच वाक्य पाठ करून आली होती.

नितीन. माझा चुलतभाऊ. आज त्याला जाऊन वर्ष झालं.

मांडवगणचा पोरगा, भीमेत पोहायला शिकलेला. आधी सणसवाडीच्या एका कंपनीत सेन्सर दुरुस्त करायचा. तिथून कोकणात गेला, किनारा आणि समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एका प्रोजेक्टवर.

शास्त्रज्ञ पेपर लिहायचे. पाण्यावर तरंगणारी यंत्रं समुद्रात सोडायची, साफ करायची, परत आणायची, ही कामं नितीनची आणि बोट चालवणाऱ्या हसनभाईंची.

सुट्टीला आला की पारावर सगळे त्याची खेचायचे. कालव्याच्या आवर्तनासाठी, म्हणजे पाटाला पाणी सुटावं म्हणून, जन्मभर भांडलेले आमचे आप्पा विचारायचे, "काय रं, समुद्राचं आवर्तन कवा सुटतं?"

"दिवसातनं दोनदा, आप्पा. आन् अर्ज बी करावा लागत न्हाई."

त्याची एक सवय होती. बोटीत बसताना आईला, म्हणजे माझ्या काकूला, एक मिस कॉल. किनाऱ्याला लागला की दुसरा. काकूनं उचलायचा नाही, असं ठरलेलं. वाजून बंद झाला की ती कामाला लागायची.

तो गेला त्या दिवशी सकाळी मात्र तो फोनवर बोलला. काकू सांगते, "वारा लई हाय म्हनला. आज बोट बंद. जेवतो आन् झोपतो."

दुपारी मिस कॉल आला.

दुसरा आलाच नाही.

आमच्याकडं दहाव्याला नदीच्या घाटावर माइक असतो. प्रवचन झालं की श्रद्धांजलीची भाषणं. मीही पुष्कळ केली आहेत. गेलेल्या माणसाबद्दल कोण मनापासून बोलतंय आणि कोण नुसतं उरकतंय, ते मला आवाजावरून कळतं.

प्रोजेक्टची गाडी आली. प्रमुख सर, ऑफिसच्या मॅडम, एक तरुण संशोधक. सगळ्यात मागं हसनभाई.

सर बोलले. दोर तुटून वाहून चाललेलं यंत्र वाचवायला नितीन "कोणीही न सांगता, स्वतःहून" गेला म्हणाले.

मॅडम बोलल्या. रडल्यासुद्धा. "कोणीही न सांगता, स्वतःहून."

मी मान वर केली.

मग तो संशोधक. मध्येच अडखळला, सरांकडं बघितलं, आणि वाक्य पूर्ण केलं. "कोणीही न सांगता, स्वतःहून."

भाषण हे माझं आयुष्य आहे, मित्रांनो. तीन वक्ते शब्दाला शब्द तेच बोलतात, तेव्हा ते वाक्य एकाच डोक्यातून आलेलं असतं.

आणि मला सांगा, गेलेल्या माणसाचं कौतुक करताना "कोणीही न सांगता" हे कशाला सांगावं लागतं?

मी विचारलं होतं?

काकूनं विचारलं होतं?

शूर म्हणून हार घातला आणि त्याच हारातून सगळा दोष त्याच्या गळ्यात टाकला.

हसनभाईंचं नाव पुकारलं. ते माइकपाशी गेले. हात जोडले. तसेच परत येऊन बसले.

मग मी उठले. एकच प्रश्न केला. सकाळी वारा आहे म्हणून बोट बंद ठेवणाऱ्याला दुपारी जा कोण म्हणालं?

आप्पांनी माझा पदर ओढला. "ताई, आज नगं. आज मानूस जाऊ दे."

सरांनी घड्याळ बघितलं. लांब जायचंय म्हणाले. मांडवात पंगत बसली होती, पण घास न खाता त्यांची गाडी निघून गेली.

त्यानंतर वर्षभर मी सरांना फोन करते आहे. साहेब कायम मीटिंगमध्ये.

इकडं गावात कुजबुज सुरू झाली. पोरगं जरा आगाऊच होतं. यंत्रापायी आईला विसरलं. काकूनं हे ऐकलं आणि भजनाला जाणं सोडलं. आपला मुलगा आपल्याला विसरला होता का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. आणि ते सांगणारं कोणी नव्हतं.

आज सकाळी प्रोजेक्टच्या पेजवर नितीनचा फोटो आला. खाली तेच वाक्य, चौथ्यांदा.

मी कमेंटमध्ये माझा प्रश्न टाकला. चहा निवायच्या आत कमेंट गायब.

दुपारी दारात हसनभाई उभे. केडगावला गाडीतून उतरून, पुढं मिळेल त्या जीपनं आलेले. खरं सांगते, मला त्यांचाही संशय आला. वाटलं, माझं तोंड बंद करायला यांना पाठवलं असेल.

ते खुर्चीवर बसले नाहीत. काकूसमोर जमिनीवर बसले.

"दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार होते. त्यांना ते यंत्र दाखवायचं होतं. सरांचा फोन माझ्यासमोर आला. नितीन म्हणाला, वारा आहे, उद्या आणतो. थोड्या वेळाने परत फोन. परत तेच म्हणाला. तिकडून काय बोलले मला ऐकू आलं नाही, पण मग तो उठला, एकटाच बोट घेऊन गेला. मी तापाने पडून होतो, आई. नाहीतर मी गेलो असतो."

काकूनं विचारलं, "म्हंजी त्यो नगं म्हनला व्हता?"

"दोनदा म्हणाला."

"आन् मग मला मिस कॉल दिला."

"हो. बोटीत बसताना द्यायचा, तोच."

काकूनं डोळ्याला पदर लावला. मग उठली, चुलीकडं गेली.

"हातपाय धुवा," म्हणाली. "जेवल्याबिगर जायचं न्हाई."

हे लिहू का, असं मी हसनभाईंना विचारलं. ते म्हणाले, लिहा, माझं नाव घालून लिहा. ती नोकरी त्यांनी सोडली आहे.

सर, तुम्ही हे वाचताय, याबद्दल मला शंका नाही. सकाळी माझी कमेंट उडवायला कोणीतरी टपून बसलं होतंच. ही माझी भिंत आहे. इथलं तुम्हाला पुसता येणार नाही. दुसऱ्या फोनवर तुम्ही त्याला काय म्हणालात, ते येऊन काकूला सांगा. घर सगळ्यांना माहीत आहे.

नितीन, तू नाही म्हणाला होतास. आईला कळलं रे.

आता नीट जा, भावा.