सातव्या होलवरचे इंगोले काकाजी

गोल्फच्या मैदानावर मागून येणाऱ्यांना वाट देणं हे शिष्टाचारात बसतं, पण कोणी ती आनंदाने देत नाही. इंगोले काकाजी मात्र सातव्या होलपाशी पोचले की मागच्या मंडळींना आग्रह करकरून पुढे पाठवायचे. स्वतः बाजूच्या सिमेंटच्या बाकावर बसायचे, टोपी काढून मांडीवर ठेवायचे आणि येणाऱ्या प्रत्येकाचा फटका मन लावून पाहायचे. "आधी दुसऱ्याचं पाहू दे गा, आपलं तं रोजचंच आहे," असं म्हणायचे. कोणाचा चेंडू झेंड्याजवळ पडला की ओळख असो नसो, टाळ्या वाजवायचे. पाण्यात पडला तर "च् च्" असा आवाज काढायचे, तोही अगदी मनापासून. त्यांच्याबरोबर खेळायचं म्हणजे घरी जेवायला उशीर होणार हे ठरलेलं असायचं.

ज्यांनी गोल्फ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. या खेळात बहुतेक होल लांबलचक असतात. चेंडू मारत, शोधत, पुन्हा मारत चालत राहायचं, तेव्हा कुठे तो भोकाजवळ पोचतो. पण मैदानात काही होल आखूड असतात, त्यांना पार थ्री म्हणतात. चांगल्या खेळाडूने तीन फटक्यांत ते संपवावेत अशी अपेक्षा असते. आमचा सातवा होल तसा होता. उभं राहिलं की समोरच झेंडा दिसायचा. मध्ये एक लहानसं तळं, डावीकडे वाळूचा खड्डा, मागे बाभळीची रांग. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, हा तर हाताने फेकला तरी जाईल. मी मारला आणि चेंडू तळ्यात गेला. दुसराही गेला. तिसरा मारायला लागलो तेव्हा काकाजींनी माझी गोल्फची काठी धरली आणि म्हणाले, "डॉक्टर, तळ्यातल्या मासोळ्यायले काय काम आहे बॉलचं?"

मी दातांचा डॉक्टर. सदर भागात माझा दवाखाना आहे आणि काकाजी तिथे पेशंट म्हणूनच पहिल्यांदा आले. वीज खात्यातले निवृत्त इंजिनिअर, मूळचे नरखेडकडचे, घरची मोसंबीची बाग भाऊ बघायचे. दाढेचं काम चालू असताना ते एकटक माझ्या हाताकडे पाहत होते. लोक छताकडे पाहतात किंवा डोळे मिटतात, त्यामुळे मलाच अवघडल्यासारखं झालं. तोंड मोकळं झाल्यावर त्यांनी दाढेबद्दल एक शब्द विचारला नाही. "तुहा हात हलत नाही गा," म्हणाले, "रविवारी काय करतो?" रविवारी मी झोपतो असं मी सांगितलं. पुढच्या रविवारी सकाळी ते गाडी घेऊन माझ्या दारात उभे होते. नोकरीत असताना त्यांनाही असंच एका साहेबाने चौथा माणूस कमी पडतो म्हणून ओढून नेलं होतं. साहेब बदलून गेला, हे मैदानावर राहिले.

लांब होल त्यांना मनापासून आवडत नसत. ते म्हणायचे, "लांब होल म्हंजे आमचं खातं. आज चुकलं, उद्या निस्तरता येते. इथं तसं नाही. एकच फटका, अन् तो सगळ्यायच्या डोळ्यासमोर." सातव्यावर कारणं सांगायला जागा नव्हती. अंतर माहीत, झेंडा समोर, काठी रोजचीच. तरीही चेंडू कधी वाळूत, कधी बाभळीत, कधी मासोळ्यांकडे. उन्हाळ्यात गरम वारं समोरून यायचं तेव्हा तर चांगले चांगले खेळाडू तिथे नरम पडायचे. काकाजी मात्र खूश असायचे. मी वैतागलो की म्हणायचे, "सोपं दिसते म्हणून तं मजा आहे. अवघड दिसलं असतं तं तू इथं आलाच नसता."

या सगळ्या शांतपणाखाली एक इच्छा होती आणि ती सगळ्या क्लबाला ठाऊक होती. सातव्यावर एकाच फटक्यात चेंडू भोकात जावा. गोल्फ खेळणाऱ्या कोणाला हे नको असतं? पण काकाजींचं जरा जास्त होतं. आमच्याकडे अशी रीत आहे की ज्याला हे साधतं त्याने त्या दिवशी हजर असलेल्या सगळ्यांना खाऊ घालायचं आणि त्याचं नाव ऑफिसबाहेरच्या लाकडी फलकावर सोनेरी रंगात लिहायचं. काकाजी अशा प्रत्येक पार्टीला हजर असत, पोटभर खात, त्या भाग्यवंताला मिठी मारत आणि मग हळूच फलकासमोर जाऊन नवीन नावावरून बोट फिरवत. एकदा त्यांचा चेंडू भोकाच्या काठावर येऊन थांबला. एकदा झेंड्याच्या काठीला लागून बाहेर उडाला. त्या दिवशी घराशी गाडीतून उतरताना म्हणाले, "होईन गा. सातवा कुठं पळून चालला?"

सातवा कुठे गेला नाही. काकाजीच हळूहळू जायला लागले.

आधी लक्षात आलं नाही. लांब होलवर ते फटके मोजताना चुकायचे, तर आम्ही चेष्टा करायचो की काकाजींचा हिशेब आता वीज खात्याच्या बिलासारखा चुकायला लागला. मग एका सकाळी ते दवाखान्यात दाढ दाखवून गेले आणि त्याच संध्याकाळी पुन्हा आले. खुर्चीत बसून तोंड उघडलं. मी म्हटलं, काकाजी, सकाळी झालं ना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसले, पण ते हसणं उशिरा आलं. मोठ्या डॉक्टरांनी तपासलं, डोक्याचे फोटो काढले आणि आम्हाला वाटत होतं तेच सांगितलं. विसरण्याचा हा आजार मागे फिरत नाही.

त्यांनी मैदान सोडलं. लांब होलवर आपण कुठे आहोत तेच त्यांना कळेना. एकदा तर ते भलत्याच लोकांबरोबर भलतीकडे चालायला लागले होते. घरी बसल्यावर मात्र ते फार खचले. तेव्हा एक दिवस काकू दवाखान्यात आल्या. कधी कोणाला काही न मागणारी बाई. पदराशी चाळा करत म्हणाल्या, "पूर्ण नोको खेळवू त्यायले. तेवढं सातव्यावर नेत जाजा. तिथं झेंडा दिसते ना समोर, तिथं ते चुकत नाहीत." क्लबच्या सेक्रेटरींना विचारलं, त्यांनी लगेच होकार दिला. म्हणून मग आम्ही दोघं थेट सातव्यावर जायला लागलो. बाकीचं मैदान आमच्यासाठी उरलंच नाही.

काकू म्हणाल्या ते खरं होतं. झेंडा समोर दिसला की काकाजी पूर्वीचे व्हायचे. पाय रोवायचे, खांदे सैल सोडायचे, आणि आठ नंबरची काठी त्यांच्या हातात आपली आपण वळायची. डोकं विसरलं होतं, अंग विसरलं नव्हतं. मारून झाल्यावर कधी कधी विचारायचे, "माही पाळी झाली काय?" मी हो म्हणायचो. आम्ही तळ्याच्या कडेने चालत जायचो, चेंडू भोकात घालायचो आणि घरी यायचो.

त्या सकाळी हवेत गारठा होता. काकाजींनी मारलं. चेंडू तळ्यावरून गेला, भोकाभोवतीच्या हिरवळीवर, म्हणजे ग्रीनवर पडला, एकदा उसळला, डावीकडे वळत वळत गेला आणि दिसेनासा झाला. मला क्षणभर कळलंच नाही. मग मी ओरडलो. पलीकडे गवत कापणारा माळीही ओरडला. काकाजींनी मला घट्ट धरलं. काय झालं ते त्यांना पक्कं कळलं होतं, यात मला आजही शंका नाही. माझी पाळी होती म्हणून मीही मारलं, पण हात इतके कापत होते की चेंडू गेला तळ्यात.

आम्ही निघालो. तळ्याला वळसा घालून जाणारी ती वाट लहानशीच आहे. मध्ये एक टिटवी ओरडत उडाली, काकाजी थांबून तिच्याकडे पाहत राहिले. मग आम्ही ग्रीनवर पोचलो. मी मुद्दाम मागे राहिलो. म्हटलं, चेंडू त्यांनीच काढावा, इतक्या वर्षांचा त्यांचा हक्क आहे. ते भोकापाशी वाकले, आत पाहिलं आणि माझ्याकडे वळले. चेहरा आनंदाने फुलून गेला होता.

"डॉक्टर," ते म्हणाले, "तुहा गेला गा. एका फटक्यात गेला तुहा."

मी म्हटलं, काकाजी, माझा पाण्यात पडला, हा तुमचा आहे. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि "मजाक करून राहिला काय," म्हणाले. मी त्यांना चेंडूवरची खूण दाखवली. माळ्याला बोलावलं, त्यानेही सांगितलं. दर वेळी ते मान हलवत आणि पुन्हा माझं अभिनंदन करत. एवढंच हवं होतं मला, की त्यांना ते पुन्हा एकदा कळावं. एक क्षण कळून मग पुन्हा विसरले असते तरी चाललं असतं. पण तो क्षण तळ्याच्या वाटेवरच राहून गेला होता.

रीतीप्रमाणे काकूंनी समोसे आणि जिलबी मागवली. काकाजी प्रत्येकाच्या हातात बशी देत होते आणि डॉक्टरची पार्टी आहे, पोटभर खा, असं सांगत होते. लोक माझ्याकडे पाहून खाली बघायचे. मी आयुष्यात इतकी वाईट जिलबी खाल्ली नाही, आणि जिलबीत काही दोष नव्हता.

फलकावर अर्थातच त्यांचं नाव लागलं. रंग वाळल्यावर मी आणि काकू त्यांना मुद्दाम घेऊन गेलो. सोनेरी अक्षरांत स्वतःचं नाव पाहून तरी आठवेल, ही माझी वेडी आशा. काकाजींनी फलक वरून खालपर्यंत वाचला. मग पुन्हा वाचला. माझं नाव शोधत होते ते. सापडलं नाही तेव्हा तरातरा सेक्रेटरींकडे गेले. मी त्यांना कधीच कोणावर चिडताना पाहिलं नव्हतं. "याचं नाव काहून नाही?" त्यांनी विचारलं. "मी होतो ना संगं. मी डोळ्याने पाहिलं. तुम्ही दुसऱ्याच कोणाचं नाव टाकलं तिथं, ते पुसा." काकू भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. शेवटी काकाजींना गाडीत बसवलं, तेव्हा त्यांनी माझा हात धरून सांगितलं की तू काळजी नोको करू, मी पाहतो काय करायचं ते.

त्यानंतर सातव्यावर जाणंही थांबलं. ते घरातच असत. नावं गेली, माणसं गेली. काकूंना ते परकी बाई समजून अदबीने बोलायचे, "बाई, तुम्ही जेवल्या काय?" काकू हो म्हणायच्या आणि स्वयंपाकघरात जाऊन रडायच्या. माझं नाव, माझा दवाखाना, माझा धंदा, सगळं पुसलं गेलं होतं. पण मी दारात दिसलो की ते उठून बसायचे. "हा पहा आला," काकूंना सांगायचे, "यानं सातव्यावर एका फटक्यात टाकला." जगातल्या सगळ्या माणसांपैकी मीच तेवढा त्यांना ओळखू येत होतो, आणि तेही मी न केलेल्या गोष्टीमुळे. मग मी खरं सांगणं बंद केलं. काकूंनीच तसं सांगितलं. म्हणाल्या, तेवढा एक धागा आहे, तो नका तोडू.

शेवटचं गेलो ते एका दुपारी. काकाजी फार थकले होते, अंथरुणाला खिळले होते. मी बाजूला बसलो. मग त्यांनी कधीच विचारलं नव्हतं ते विचारलं.

"कसं वाटलं गा त्या टायमाले?"

आणि मी सांगितलं. जे त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं तेच माझं म्हणून सांगितलं. म्हटलं, काकाजी, काठी चेंडूवर बसली तेव्हा हाताला धक्का जाणवलाच नाही. वर पाहिलं तर चेंडू झेंड्यावरच होता. पडला, वळला आणि नाहीसा झाला, तेव्हा आधी भीती वाटली. मग छातीत असं काही भरून आलं की उभं राहवेना, म्हणून शेजारी जो होता त्याला धरलं.

"कोण होता संगं?"

"तुम्ही होते."

ते समाधानाने डोळे मिटून पडले. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं ते त्यांना दिसत नव्हतं, ते एक बरं होतं. थोड्या वेळाने त्यांनी चाचपडत माझा हात शोधला.

"माहं राहून गेलं गा," ते म्हणाले. "पण तुहं झालं ना. चांगलं झालं."

मी म्हटलं, "हो काकाजी, झालं." काकूंनी बाहेरून चहासाठी हाक मारली, पण काकाजींनी हात सोडला नाही, म्हणून मी तसाच बसून राहिलो. त्या आठवड्यातच ते गेले.