टाकीच्या झाकणाचं भोक

पालघरच्या कॉलेजात इंटर सायन्सचं फिजिक्स प्रॅक्टिकल होतं, त्याच दिवशी बोईसरला माझी गाडी चुकली. मी फलाटावर पोचलो तेव्हा शेवटचा डबा डोळ्यांसमोरून चालला होता, आणि पुढच्या गाडीने गेलो असतो तर परीक्षा आटोपल्यावरच पोचलो असतो. आमच्या घरात चौथीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. प्रॅक्टिकल बुडालं की वर्ष बुडणार, आणि वर्ष बुडालं तर तारापूरच्या बांधकामावर पाट्या उचलायच्या, असं वडिलांनी तिथल्या मुकादमाशी बोलूनही ठेवलं होतं. रागाने नव्हे, काळजीने.

स्टेशनबाहेर गवताच्या गाठी भरलेला एक ट्रक पालघरच्या वखारीकडे निघाला होता. लढाईच्या काळातला, पेट्रोलवर चालणारा. ड्रायव्हर आमच्याच बाजूचा, पन्नाशीतला. मी अडचण सांगितली. त्याने मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि तो म्हणाला, "बस, कालेज." त्या दिवसापुरतं तेच माझं नाव झालं.

पेट्रोलची टाकी माझ्याच सीटखाली होती आणि तिचं झाकण माझ्या पोटरीपाशी. झाकणाला मधोमध खिळ्याएवढं भोक होतं. गचका बसला की त्यातून पेट्रोलचा शिंतोडा उडायचा, नेमका माझ्या पँटवर. पांढरी पँट ती एकच होती. टाकीचा खालचा सांधा गळत होता, तिथे आपण कपडे धुण्याचा साबण दाबून गळती कशी बंद केली, हे ड्रायव्हरने मला नुकतंच मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. साबणाची वडी समोरच पडली होती. वाटेत तो चहाला उतरला. आपल्याला फुकट नेणाऱ्या माणसाच्या काहीतरी उपयोगी पडावं, असं मला मनापासून वाटलं. मी वडीचा एक कोपरा नखाने तोडला आणि झाकणाचं भोक छान बुजवून टाकलं. सांगितलं मात्र नाही. आपली हुशारी आपणच काय सांगायची?

उमरोळीच्या अलीकडे इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. ड्रायव्हरने स्टार्टरचं बटण दाबलं. इंजिन खर्र खर्र फिरत होतं, पण चालू होत नव्हतं.

तो शांतपणे उतरला, बॉनेट उघडलं, एका प्लगची वायर काढून माझ्या हातात दिली आणि पुन्हा आत जाऊन बसला. तिचं टोक लोखंडाच्या जवळ धरायचं की लांब, ते मी विचारलं. बोटाजवळच धर, लवकर कळतं, असं तो अगदी गंभीरपणे म्हणाला. मी धरलं, त्याने बटण दाबलं. पुढच्या क्षणी मी रस्त्याच्या कडेला बसलेला होतो आणि हात खांद्यापर्यंत झिणझिणत होता.

"करंट हाय," ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला. "म्हंजे पेट्रोल येत नाय."

हे त्याला ठिणगी बघूनही कळलं असतं.

इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाला खाली काचेची वाटी होती. ती खरोखरच कोरडी होती. टाकीत काठी घालून बघावं म्हणून त्याने झाकण फिरवलं, तर आत हवा शिरल्याचा फुस्स आवाज आला. पेट्रोल अर्ध्या टाकीहून जास्त होतं. झाकण लावून त्याने पुन्हा बटण दाबलं आणि थोड्या खरखरीनंतर इंजिन सुरू झालं. त्याने स्टिअरिंगला नमस्कार केला. मैलभर गेलो आणि पुन्हा तेच.

एव्हाना तो फुस्स आवाज मी ओळखला होता. पेट्रोल बाहेर जाणार तर त्याच्या जागी हवा आत यायला हवी, आणि तिची वाट मीच बंद केली होती. खरं सांगितलं तर हा मला इथेच उतरवेल. गप्प बसलो तर दर मैलाला थांबत आम्ही दुपारी पोचू. मी घसा खाकरला. "काका, टाकीत हवेचा दाब कमी होत असावा," मी म्हणालो. "आमच्या पुस्तकात आहे." मग त्याच्याकडे पाठ करून कंपासपेटीतल्या कर्कटकाच्या टोकाने भोक कोरून काढलं.

ट्रक पालघरपर्यंत एकदाही थांबला नाही. ड्रायव्हर वाटभर माझं कौतुक करत होता आणि मी मान खाली घालून ते ऐकत होतो.

तरी पाव तास उशीर झालाच. प्रयोगशाळेच्या दारात सरांनी मला अडवलं. मी काही बोलण्याआधीच, ट्रक फाटकाशी उभा करून ड्रायव्हर मागून आला. गाडी बंद पडली, या पोरानेच ती चालू केली, याला आत घ्या, असं त्याने सरांना सांगितलं. सरांचा विश्वास बसला नाही. काय बिघडलं होतं, त्यांनी मला विचारलं.

"झाकणाचं भोक बंद होतं, सर. टाकीत हवा जात नव्हती."

"कशाने बंद होतं?"

मला खोटं बोलता येत नाही असं नाही, पण सुचायला वेळ लागतो. "साबणाने," मी म्हणालो. पुढचा प्रश्न सरांच्या ओठांवर आला होता.

"साबण माझा हाय, सायब," ड्रायव्हर म्हणाला.

यात खोटं काहीच नव्हतं. सरांनी त्याला तिथल्या तिथे हवेचा दाब समजावला. यंत्राला काही करण्याआधी जाणत्या माणसाला विचारावं, हेही सुनावलं. तो हात बांधून "हो सायब, चुकलं सायब" म्हणत राहिला आणि मधूनमधून माझ्याकडे बघत होता. सरांचा राग त्याच्यावरच निघाला. त्यांनी मला आत जायला सांगितलं.

मी दारातून शिरताना तो कानाशी वाकला. "जा, कालेज. आतलं काय बुजवू नको."

मला लंबकाचा प्रयोग आला. झोके मोजताना माझे खांदे गदगदत होते. पोरगं घाबरलंय असं समजून सर जवळ आले, वेळ आहे, शांतपणे कर, म्हणाले. मी हसू ओठांत दाबून मान हलवली आणि झोके पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले.