बेडकीच्या नाकातला तांदूळ

अनीसाचा तांदळाचा डबा अर्धाच भरून झाला होता, तेवढ्यात हाफिज गॅरेजच्या कपड्यांतच आत आला आणि त्याने अख्खा डबा परत पोत्यात पालथा केला.

"अहो, आत्ताच निवडलाय मी तो!"

"मग बरंच झालं. बेडकीला खडे नकोत."

बेडकी म्हणजे त्याच्या कतारी मालकाची, कफिल बू जासिमची, जुनी छोटी गाडी. इंजिन मागे, डिकी पुढे. बू जासिमच्या मरहूम वडिलांची आठवण; हर्णैचा हाफिज तेवीस वर्षं तिची देखभाल करत आलेला. वर्ल्डकप वर्षावर आला होता, दोह्यात रोज काहीतरी नवं उघडत होतं. अशाच एका हॉलमध्ये मशीनने बर्फ पाडून जत्रा मांडली होती, आणि आज संध्याकाळी पाहुण्यांसमोर बर्फाचा चढ बेडकीच चढणार, असं बू जासिम बोलून बसला होता.

काल सरावाला बेडकी चढली झपकन, पण वळणावर चाकं वळवली तरी सरळच गेली आणि थर्माकोलच्या भल्या मोठ्या फुटबॉलमध्ये नाक खुपसून थांबली. बू जासिम ओरडला नाही. "हाफिज, तू म्हातारा झालास. तुझ्या इकाम्याचं बघू," एवढंच म्हणाला. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, पुढच्या महिन्यात संपत होता आणि हुस्नाची बारावीची परीक्षा मार्चात. मधेच गाशा गुंडाळावा लागला, तर पोरीचं वर्ष बुडालं.

"वजन सगळं मागे, म्हणून चढते," पोत्याचं तोंड बांधत हाफिज म्हणाला. "पण पुढचं अंग हलकं पडतं, बर्फाला पकडतच नाही. हर्णैच्या रेतीत हेच व्हायचं. नाकात भार टाकला की ऐकेल."

"साऱ्या कतारात रेतीच रेती, आणि तुम्हाला माझाच तांदूळ दिसला?"

"त्याच्या बापाच्या गाडीत रेती सांडली, तर आजच घरी पाठवील मला!"

डिकीत पेट्रोलची टाकीही असते, म्हणून अनीसाने कुरकुरत का होईना, पोत्यावर दोन प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या. हुस्नाने पुस्तकातून मान वर काढली. "अब्बा, वळणावर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय एकदम काढू नका. द बॅक विल स्विंग."

"घ्या! हिने अजून सायकलसुद्धा चालवली नाही," अनीसा म्हणाली.

संध्याकाळी अनीसा हुस्नासोबत दोरीमागे उभी होती. अंगात भाड्याचं जाकीट, बोटांत तसबीह. या अल्ला, एवढी गाडी वळू दे. याच तांदळाचं सांदण करून नियाज वाटीन.

बेडकी चढली. वळणावर आली आणि पुन्हा सरळच निघाली. फुटबॉल हातभर उरला. अनीसाचे मणी थांबले. हाफिजने पाय काढला नाही. चाकं जराशी सरळ केली, परत हळूच वळवली, आणि बेडकीचं नाक बर्फात रुतल्यासारखं होऊन अलगद फिरलं. गेली वर! लोकांनी टाळ्या वाजवल्या. बू जासिमने काचेतून हात घालून हाफिजचं डोकंच हलवलं.

"शाबाश, हाफिज! इकामा वाढवायला पासपोर्ट उद्या ऑफिसात दे. खलास."

"अल्हम्दुलिल्लाह," म्हणत अनीसा बाकावर बसली, आणि आपली पावलं गारठल्याचं तेव्हा कुठे तिला कळलं.

"अम्मी, रडतेस कशाला?"

"थंडी वाजतेय गो."

सकाळी तिने पोतं सोडलं, तांदूळ हुंगून पाहिला, तीनदा धुऊन भिजत घातला. हाफिज पासपोर्ट घेऊन निघून गेला होता. सांदणाला घरात नारळ एकही नव्हता. तिने पिशवी घेतली आणि कोपऱ्यावरच्या बकाल्याच्या दुकानात नारळ आणायला निघाली.