शेपूट एकोणचाळीस

माझ्या आतोबांइतकी अचूक मापं घेणारा माणूस जव्हारातच काय, घाट उतरून पार समुद्रापर्यंत गेलात तरी मिळणार नाही, आणि मिळालाच तर तो आतोबांच्याच हाताखाली शिकलेला निघेल. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, धंद्याने शिंपी. गळ्यात टेप नसलेले आतोबा मी पाहिलेले नाहीत. लग्नाच्या पंगतीतसुद्धा टेप असते आणि जेवताना ती आमटीत बुडू नये म्हणून आत्या लक्ष ठेवून असते. पण ती टेप ते माणसाच्या अंगाला लावत मात्र नाहीत. बाजाराच्या दिवशी जामसर, साखरशेतकडच्या बायका पोलकी शिवायला यायच्या, त्यांना परक्या पुरुषाने टेप लावलेली आवडायची नाही. म्हणून आतोबा बाईला दारातच उभी करून भात कसा आहे, नाचणी कशी आहे असं विचारायचे, आणि तिचं सांगून होईपर्यंत दंड, खांदा, उंची सगळं डोळ्यांनी मोजून वहीत उतरवलेलं असायचं. मुलांचे कपडे मात्र ते मापापेक्षा तीन इंच जास्तच शिवत. कोणी कुरकुरलं तर म्हणत, "राहू दे. वाढत्या अंगाचं आहे."

ही मापवही म्हणजे त्यांची पोथी. तिच्यात नाव शेवटी आणि माप आधी. गिऱ्हाईक वारल्याचं कळलं की आतोबा त्या मापावर एक तिरपी रेघ मारतात, मिनिटभर गप्प बसतात आणि मग मशीन सुरू करतात. त्या घराचा दुखवटा तेवढ्या वेळात पाळून होतो. मला बघायला पाहुणे आले तेव्हा पोहे संपायच्या आत आतोबा नवऱ्या मुलाकडे बघून मोठ्याने म्हणाले, "डावा खांदा अर्धा इंच खाली आहे." होणाऱ्या सासऱ्यांनी बशी खाली ठेवली. लग्न मोडता मोडता राहिलं. आज आम्ही मोखाड्यात संसार करतो आणि नवऱ्याचा प्रत्येक शर्ट दोरीवर वाळत घालताना मला कबूल करावं लागतं, की अर्धा इंच आहेच.

अशा माणसाच्या मागच्या दारी वानरांचा कळप येऊ लागल्यावर काय होणार? तिथे एक मोठा उंबर आहे. पाला आणि उंबरं पोटभर खायची आणि मग अर्धा दिवस पचवत बसायचं, हा त्या मंडळींचा दिनक्रम. कळपात बाया दहा-बारा, आणि सगळ्यांचा मिळून धनी एकच. आतोबा त्याला "मोठं गिऱ्हाईक" म्हणत. करडा कोट, काळं तोंड, हातात काळे मोजे. "कापड उत्तम आहे," आतोबा सांगत, "पोटाला फक्त चुण्या सोडाव्या लागतील." वजनाने रिकाम्या गॅस सिलिंडरपेक्षा थोडा भारी, हे माप आत्याचं, कारण तो कौलांवर उडी मारी तेव्हा खालच्या स्वयंपाकघरात तीच असे. त्याच्या उजव्या कानाला कात्रीने काढावी तशी खाच होती. रोज सकाळी तो घराच्या चुन्याने रंगवलेल्या मागच्या भिंतीवर बसे, शेपूट सरळ खाली सोडून. आतोबा खिडकीतून नजर रोखत, तो गेला की भिंतीवर शेपटीच्या टोकाशी खडूची खूण करत, आणि मग टेप लावत. वहीत नोंद झाली: "वानर, नर. अंग सव्वीस. शेपूट एकोणचाळीस." अंगाच्या दीडपट शेपूट! आतोबांना कोणी पाहुणा भेटला की चहाच्या आधी ही बातमी. कळपात पिल्लू जन्मलं की ते काळसर असतं, आणि आईच्या कुशीत कमी अन् मावश्यांच्या कडेवर जास्त असतं. आतोबा म्हणत, "बारसं चाललंय. मध्ये बोलू नका." आणि खरोखरच मशीन थांबवून बघत राहत.

मागच्या वर्षी एका रविवारी मी जव्हारला गेले तर आतोबा खिन्न बसले होते. "मोठं गिऱ्हाईक आखडलं गं," ते म्हणाले. "शेपूट साडेसदतीस भरली. म्हातारपण. माझीही उंची गेलीच की पाऊण इंच." मी मागच्या दारी जाऊन बघितलं. भिंतीवर एक दणकट, तरुण वानर बसला होता. दोन्ही कान धड.

आत्याने मला आत ओढलं. तिला सगळं ठाऊक होतं. हा नवा नर बाहेरून आला, चार दिवस झाडावर खकाखकी, हाणामारी झाली, जुना रक्ताळलेल्या पायाने निघून गेला. त्याच आठवड्यात एक पिल्लूही दिसेनासं झालं. आत्या हे सांगताना पदराने डोळे पुसत होती. आतोबांना पांढऱ्या भिंतीवरची करडी शेपूट दिसत होती, कानाची खाच मात्र दिसत नव्हती. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत. आत्या पहाटेच दहा सुयांत दोरा ओवून उशीत टोचून ठेवी, आणि चुकलेली बाही ते झोपले की उसवून पुन्हा शिवी. नाशिकच्या डॉक्टरांनी वेळेवर ऑपरेशन करा म्हणून बजावलं होतं. आतोबा ऐकायला तयार नव्हते. "मी डोळ्यांनी मापं घेतो. त्यांत हत्यार घालू देणार नाही."

"तू सांग त्यांना," आत्या म्हणाली. "माझ्या तोंडून निघत नाही. पण नाही सांगितलं तर हे आंधळे होतील."

मी कानापासून सुयांपर्यंत सगळं सांगितलं. आतोबांनी सुयांच्या उशीवरून बोट फिरवलं, ओवलेल्या सुया एकेक मोजल्या, आणि आत्याकडे न बघता म्हणाले, "मी शेपटीच मोजत बसलो. तोंड बघायला हवं होतं." थोड्या वेळाने मान वर करून त्यांनी विचारलं, "पण म्हणजे माप चुकलं नव्हतं ना? गिऱ्हाईक बदललं होतं." आणि पुढच्या आठवड्यात मुकाट्याने नाशिकला आले.

ऑपरेशन झालं, पुढे दुसऱ्या डोळ्याचंही झालं. घरी आल्यावर आतोबांनी पहिल्यांदा आत्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "किती बारीक झालीस. दंड सव्वा इंचाने उतरलाय." आत्या लाजली आणि रडलीही. मग ते मापवही घेऊन बसले. एकोणचाळीसचं पान उघडलं, पेन उचललं, आणि हात तसाच राहिला. "एकटा पडलेला वानर किती दिवस काढतो गं?" त्यांनी मला विचारलं. रेघ मारायची की नाही, हे त्या पानावर पंधरा दिवस अडलं होतं. दिवाळीत भिंतीला चुना दिला तेव्हाही जुन्या खडूच्या खुणेला कोणी हात लावायचा नाही, असा हुकूम होता.

शेवटी बातमी आणली दाभोशाच्या जीपवाल्याने. शर्टाचं बटण लावून घ्यायला आला होता. "मास्तर, तुमचा वानेर नदीवर हाय. एकलाच बसेल होता उंबरावर. कान फाटेल हाय ना त्याचा?"

आतोबा उभे राहिले. "शेपूट किती?"

"लई लांब. येवढी!" त्याने दोन्ही हात फाकवले.

"हलवू नको हात." उभ्या आयुष्यात माणसाला न लावलेली टेप आतोबांनी गळ्यातून काढली आणि त्याच्या दोन्ही तळव्यांमध्ये ताणून धरली. बेचाळीस भरली. आत्या हसून म्हणाली, "अहो, तीन इंच जास्त आहे. हा दुसराच कोणी असेल."

आतोबांनी टेप पुन्हा गळ्यात टाकली. पेनाला टोपण लावलं आणि वही मिटली.

"राहू दे," ते म्हणाले. "वाढत्या अंगाचं आहे."

मग ते जीपवाल्याचं बटण लावायला बसले. सुई त्यांनी स्वतःच ओवली, आणि आत्या नुसती बघत राहिली.